कुणीच न घेतलेला शॉट

भुताने पहिली किंकाळी फोडली तेव्हा हे खुर्चीत झोपलेले होते आणि मी जपाच्या बासष्टाव्या मण्यावर होते. मृगाने रिमोटने चित्र थांबवलं.

"आई, घाबरलीस?"

"त्या मुलीचा घसा बसेल गं," मी म्हटलं. "नंतर काही गरम दिलं होतं का तिला?"

मृगाने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि चित्र पुढे सुरू केलं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी होती, दुपारचे दोन वाजले होते, आणि अंधार हवा म्हणून मृगाने खिडक्यांवर पडद्यांखेरीज दोन चादरीही टांगल्या होत्या. मृगावती आमची एकुलती एक. पुण्याला सिनेमाचं शिकत होती. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाने स्वतःचा एक लहान सिनेमा करायचा असतो, तसा तिने केला होता आणि जयसिंगपूरला घरी घेऊन आली होती. चाळीस मिनिटांचा, भुताचा. आम्हाला आधी दाखवून, काय जमलंय आणि काय फसलंय ते विचारून मगच ती तो एका महोत्सवाला पाठवणार होती. तिथे निवड झाली तर पुढच्या वर्षीचा सिनेमा कॉलेज स्वतः करू देणार होतं. नाही तर दुसऱ्या कुणाच्या हाताखाली दिवे धरायचे.

सिनेमाचा प्रकारही तिने मला नीट समजावून सांगितला. तीन विद्यार्थी एका गावातल्या घरात राहायला येतात. हातात कॅमेरा असतो, त्याने ते सगळं टिपत राहतात. मग तिघेही नाहीसे होतात. पुढे कधीतरी माळ्यावर तो कॅमेरा सापडतो. म्हणजे आपण पाहतो तो सिनेमा नव्हे, ते सापडलेलं चित्रीकरण, असं पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे.

"म्हणजे खोटंच, पण खरं वाटेल असं," मी म्हटलं.

"खरं वाटेल असं, एवढंच म्हण ना."

घर आमचंच होतं. भाद्रपदात गणपतीची सुट्टी मिळाली तेव्हा ती आणि तिचे तीन मित्रमैत्रिणी पाच दिवस येऊन राहिले होते. नेमकं आमचं जैनांचं दशलक्षण पर्व त्याच दिवसांत येतं. त्या वर्षी माझे दहा उपवास चालू होते. दहा दिवस अन्न नाही, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. पोरांचा स्वयंपाक मीच करत होते. आमच्या घरात दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही आणि कुणी काही खात नाही, तेव्हा पोरं सातनंतर स्टँडवर जाऊन काय खायचं ते खाऊन यायची. काय खाल्लं ते मी विचारलं नाही.

हे मध्येच जागे झाले. पडद्यावर मुलं अंधारात चाचपडत होती.

"त्या पोराला लाईट का लावता येत नाही?" ह्यांनी विचारलं. ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. "बोर्ड दाराशेजारीच आहे. मी स्वतः बसवलाय."

"बाबा, लाईट गेलीये."

"आणि फ्रीज चालू आहे?"

मृगाने तेही लिहून घेतलं. हे परत झोपले.

मग तो भाग आला.

आमचं स्वयंपाकघर. कॅमेरा फळीवर ठेवलेला, हलत नाही. सगळं हिरवट दिसतंय. ओटा, पाण्याची कळशी, भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान. फ्रीजचा घूं असा आवाज. दुसरं काही नाही. असं बराच वेळ. पाहता पाहता आपणच श्वास रोखून धरतो. मग दारातून एक पांढरी साडी आत येते. डोक्यावर पदर, पाठ आपल्याकडे. पाय वाजत नाहीत. ती डब्यांपाशी वाकते, खाली बसते, अंगाने हलत राहते, पण काय करते ते दिसत नाही. मग उठून ओट्यापाशी जाते. दोन्ही कोपर बाजूला जातात, समोर काहीतरी पसरल्यासारखे. एक हात सावकाश वर जातो आणि तसाच राहतो, फार वेळ. मग ती हातातलं काहीतरी उलटं करते, पाण्यात बुडवते, खुंटीला अडकवते आणि आली तशी निघून जाते. परत नुसता फ्रीज.

हे जागे होते. कधी जागे झाले ते मला कळलं नाही. माझा मणी एकाहत्तरवर थांबला होता.

"हा शॉट आम्ही घेतलेलाच नाही," मृगा हळू आवाजात म्हणाली. "कॅमेरा रात्री तसाच चालू ठेवला होता, रिकामं स्वयंपाकघर हवं होतं म्हणून. लाल दिवा दिसू नये म्हणून त्याला काळी चिकटपट्टी लावली होती. पुण्याला जाऊन पाहिलं तर हे. भुताचं काम करणारी रेवा माझ्याशेजारी झोपली होती. मुलं गच्चीवर. सगळ्यांना शपथ घालून विचारलं. आमच्या सरांनी तीनदा पाहिलं. ते म्हणाले, बाकी सिनेमा विद्यार्थ्याचा आहे, हा शॉट मात्र कुणाचा आहे ते मला सांगता येत नाही."

"मला नाही विचारलंस," मी म्हटलं.

ती हसली. "तुला काय विचारायचं? तू तर तेव्हा सातव्या उपवासात होतीस."

ती मी होते.

पर्वाच्या प्रत्येक दिवसाला एक नाव असतं. सातवा दिवस उत्तम तपाचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. पोट दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, तसं काही असतं तर सांगायला बरं झालं असतं. भूक लागली होती. संध्याकाळी पोरांसाठी केलेल्या ज्वारीच्या भाकरीतली एक डब्यात उरली आहे हे मला ठाऊक होतं, कारण मीच ठेवली होती. पडल्या पडल्या मी त्या भाकरीचा विचार करत होते. मग उठले. अर्धी भाकरी गुळाच्या खड्याबरोबर खाल्ली, डब्याचं झाकण लावलं आणि पाणी प्यायले. पाणी गाळून प्यायले. नळाला गाळण्याची पिशवी बारा महिने बांधलेली असते, म्हणून मृगाच्या पाहण्यात ती एवढीच. पण पर्वात मी सासूबाईंच्या पद्धतीने भांड्यावर दुहेरी फडकं धरून पुन्हा गाळते, मग फडकं न पिळता उलटं करून धुते. उपवास मोडला, रात्री खाल्लं, आमच्यात चालत नाही इतका वेळ ठेवलेली भाकरी खाल्ली. पण पाणी न गाळता प्यावं असं काही माझ्या हाताला सुचलं नाही.

तीन दिवसांनी माझी बग्गीतून मिरवणूक निघाली. बँड होता. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स होता. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, मला शाल आणि चांदीचं तबक मिळालं. पारण्याचा पहिला घोट अक्कांनी पाजला. अक्का म्हणजे ह्यांच्या मोठ्या विधवा बहीण, पलीकडच्या गल्लीत राहायच्या आणि महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. आदल्या वर्षी त्यांनी दहा उपवास केले होते. मी त्या वर्षी का केले, तर त्यांनी आदल्या वर्षी केले म्हणून. दुसरं कारण मला तेव्हाही सापडलं नव्हतं. क्षमावाणीच्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांची क्षमा मागतो. मी अक्कांना कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हटलं आणि कळत झालेलं त्यातच बसवून टाकलं.

त्या दिवसापासून गूळ सोडला. आमच्यात नियम घेताना मुदत बोलायची असते. मी मनात म्हटलं होतं, कुणाला सांगेन तोवर. घरात, शेजारात सगळ्यांना वाटलं, उपवासांवर आणखी एक नियम. लोक कौतुक करत होते.

तर आता मृगा वही उघडून माझ्याकडे पाहत होती. "सांग. काय जमलंय, काय फसलंय?"

मी सांगू लागले. बोलताना माझे शब्द खरे होते, हेतू वेगळा. पण आधी खरे शब्द सांगते.

मी म्हटलं, तिघं नाहीशी होतात हे तू सुरुवातीलाच पाटी लावून सांगितलंस, मग मी काळजी कशाची करू? दुसरं, तो मुलगा जीव घेऊन पळतो आणि कॅमेरा मात्र सोडत नाही. माझ्या हातात तेलाची किटली असती तरी मी टाकली असती. तिसरं, माळ्यावर सापडलेल्या कॅमेऱ्यात तंबोरा कोण वाजवतंय? चौथं, घाबरलेलं माणूस एवढं ओरडत नाही. तुझे आजोबा गेले तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते आणि मला हाकही मारता आली नाही. आणि शेवटची पाच मिनिटं नुसती जमीन दिसते आणि चपला दिसतात, मला मळमळलं.

मृगा भराभर लिहीत होती. चांगलं काय, तेही मी सांगितलं. कॅमेरा हलतो, माणसं अर्धी कापली जातात, कुणाचं बोलणं कुणाच्या बोलण्यावर चढतं, त्यामुळे आपल्याकडच्या लग्नाच्या शूटिंगसारखं वाटतं, आणि लग्नाच्या शूटिंगवर कुणी शंका घेत नाही. पोरं निरर्थक बडबडतात, तेही बरं. खऱ्यात माणसं अशीच बोलतात. भूत समोरून एकदाच दिसतं. आणखी एकदा दिसलं असतं तर मी चहा टाकायला उठले असते.

"आणि कोपऱ्यात तारीख येते," मी म्हटलं, "ती चतुर्दशीची आहे. ओट्यावर मेथीची जुडी आहे. आपल्या घरात चतुर्दशीला हिरवी भाजी येत नाही."

"आई, हे कोण बघणार आहे?"

"ज्यांच्या घरात सापडलं ते बघतील ना."

तसं बोलून गेले आणि मला स्वतःलाच कसंसं झालं. मग मी ज्याच्यासाठी एवढं बोलत आले होते ते म्हटलं. "तो स्वयंपाकघराचा भाग तेवढा काढ. लांबतो. त्यात काही घडतच नाही."

मृगाने पेन थांबवलं. "आई, तू सगळं बरोबर बोललीस. सरांनीही इतकं नीट सांगितलं नव्हतं. फक्त ह्याच्याबाबतीत चुकतेस."

हे खुर्चीतून उठले, चादरी काढून घडी घालायला लागले.

मला एवढी घाई का होती, तर शनिवारी दुपारी समाजाच्या बोर्डिंगच्या हॉलमध्ये अक्कांनी तो सिनेमा मंडळाला दाखवायचं ठरवलं होतं. भाचीचं त्यांना फार कौतुक. पुण्याच्या सरांना तो हात वर जाणं म्हणजे काहीतरी अघोरी विधी वाटला असेल. मंडळातल्या चाळीस बायकांना तसं वाटण्याची शक्यता नव्हती. त्या रोज तेच करत होत्या.

गुरुवारी-शुक्रवारी मी आणखी दोष काढले. मृगा ऐकत गेली आणि खालच्या खोलीत बसून सिनेमा कापत गेली. पाटी काढली, तंबोरा काढला, किंकाळ्या दोनवर आणल्या, पळापळ मिनिटभराची केली. मेथीही कापली. सिनेमा आठ मिनिटांनी कमी झाला आणि खरोखरच सुधारला. मधला फापटपसारा गेल्यामुळे स्वयंपाकघराचा भाग बरोबर मध्यावर येऊन बसला. आता त्याच्याआधी इतकी शांतता होती की तो येणार हे पाच मिनिटं आधीपासून जाणवायला लागायचं. ते माझ्याच सूचनेवरून झालं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिला सांगायला म्हणून खाली गेले. ती फोनवर रेवाशी बोलत होती. महोत्सवाच्या अर्जात तिने लिहिलं होतं की ह्यातला एक शॉट आमच्यापैकी कुणीही घेतलेला नाही. हसत होती, फार दिवसांनी इतकी खुशीत दिसत होती. मी दिवा लावून वर आले.

रोज सकाळी बस्तीत दर्शन घेऊन मी त्या दिवसापुरता एक नियम घेते. आज मीठ नाही, आज गावाबाहेर जाणार नाही, असं काहीतरी झेपेल ते. शनिवारी मी हात जोडून नियम घेतला: आज कुणी विचारल्याशिवाय सांगणार नाही, आणि विचारलं तर खोटं बोलणार नाही. पायऱ्या उतरताना माझं मलाच कळलं की हा नियम मी कशासाठी घेतला आहे. विचारणार कोण होतं? दहा उपवास करणाऱ्या बाईला कुणी असं विचारत नाही. पण नियम घेतल्यावर परत देता येत नाही.

तीनला हॉल भरला. हे वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आले होते, ते बोर्डापाशीच स्टूल टाकून बसले. अक्का पहिल्या रांगेत, मांडीवर परात घेऊन. मंडळाची चिक्की करायची होती, त्यासाठीच्या शेंगा त्या सोलत होत्या. मला त्यांनी शेजारी बसवून घेतलं. आधीच्या घाण्यातली चिक्की ताटातून फिरत आली तेव्हा माझ्या आधी त्यांनीच ताट पुढे ढकललं.

"हिला नको. हिनं गूळ सोडलाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

सिनेमा सुरू झाला. भूत दिसलं तेव्हा मागच्या दोन मुली किंचाळल्या. अक्का शेंगा सोलत होत्या आणि त्यांनी सोलणं थांबवलं नाही. मला म्हणाल्या, पोरीनं नीट खाल्लेलं दिसत नाही. मग स्वयंपाकघर आलं. हॉलमध्ये पंखा तेवढा ऐकू येत होता. पांढरी साडी दारातून आली, बसली, उठली. कोपर बाजूला झाले. हात वर गेला.

शेंगांचा आवाज थांबला.

"पाणी गाळतंय की ते," अक्का म्हणाल्या.

मागून कुणीतरी विचारलं, कोण?

"भूत. बघ की, फडकं पिळलं न्हाई. उलटं करून धुतलं."

"मग आपल्यातलंच दिसतंय," मागची म्हणाली, आणि हॉल हसला. हसणं ओसरलं तरी अक्का पडद्याकडेच पाहत होत्या. पडद्यावर नुसता फ्रीज उरला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे.

"राजमती, ही कोण?"

"मी, अक्का."

हे मी हळूच बोलले होते, पण माझा हळू आवाज ऐकू जायचा तर सगळा हॉल गप्प लागतो, आणि तो गप्पच होता. मृगाने चित्र थांबवलं.

"कधीचं हे?"

"भाद्रपदातलं. सातव्या दिवसाचं."

अक्कांनी परातीतली टरफलं बाजूला सारली. "घसा कोरडा पडला असंल," त्या म्हणाल्या. "पाणीच प्यायलीस न्हवं?"

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. पाणी म्हटलं असतं तर चाळीस बायकांनी तिथल्या तिथे क्षमा केली असती, आणि पाणी प्यायले होते हे खोटंही नव्हतं.

"पाणी प्यायले. त्याच्याआधी अर्धी भाकरी खाल्ली. गुळाबरोबर."

चिक्कीचं ताट जिथे होतं तिथेच थांबलं. मग मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी, ज्यांना कमी ऐकू यायचं, मोठ्याने विचारलं, "मग भूत परत कधी येणार आहे?"

मृगाने सिनेमा पुढे सुरू केला. तेरा मिनिटं राहिली होती. त्यात कुणीही किंचाळलं नाही. संपल्यावर अक्कांनी आभार मानायचे ठरले होते, ते उपाध्यक्षांनी मानले. अक्का परात घेऊन बाजूच्या दाराने निघून गेल्या होत्या.

बाहेर हे वायर गुंडाळत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"मला माहीत होतं," ह्यांनी वायरीवरून नजर न काढता म्हटलं. "सकाळी डब्यात अर्धी भाकरी होती. पोरं म्हणाली, मांजरानं खाल्ली असेल."

"मग?"

"मांजर झाकण लावून जात नाही."

दोन महिने ह्यांनी हे पोटात ठेवलं होतं. बग्गीच्या पुढे पिवळा फेटा बांधून चालले होते. मी विचारलं, बोलला का नाहीत? ह्यांनी वायरीला गाठ मारली आणि म्हणाले, "उपवास तुझे होते."

मृगा घरी येऊन वरच्या खोलीत बसली. मी वर गेले तेव्हा लॅपटॉपवर तोच भाग थांबवलेला होता, हात वर गेलेला. ती रागावली होती, पण माझी मुलगी असल्याने आवाज चढवत नव्हती.

"मी अर्जात लिहिलंय, आई. हा शॉट कसा आला ते कुणालाच माहीत नाही म्हणून."

"तेव्हा खरं होतं."

"आता सर विचारतील. मी काय सांगू?"

"सांग, आईला भूक लागली होती."

ती पडद्याकडे वळली. मग म्हणाली, "मी हा शॉट दोनशे वेळा तरी पाहिला असेल. एडिटिंगला तुझी पाठ माझ्यासमोर असायची. मला एकदाही वाटलं नाही की ही तू आहेस." मग विचारलं, "फार भूक लागली होती?"

"हो गं," मी म्हटलं.

तिने सरकून जागा केली. मी शेजारी बसले आणि तिने तो भाग परत लावला. पहिल्यांदाच मी तो नीट पाहिला. बाई वाकून बसते तिथे तिने बोट ठेवलं. इथे खाल्लंस? मी म्हटलं, हो, तिथे. ती म्हणाली, आता मला जास्त भीती वाटतेय.

तो शॉट तिने काढला नाही. अर्जातलं ते वाक्य खोडून कळवलं आणि सिनेमाच्या शेवटी नावं येतात त्यात रेवाच्या नावाखाली एक ओळ घातली: स्वयंपाकघरातली बाई, राजमती मगदूम. महोत्सवात निवड झाली नाही. सरांनी मात्र पुढच्या वर्षीचा सिनेमा तिला करू दिला. म्हणाले, जिने हे नाव घातलं तिला करू द्या. हे पुढे, फाल्गुनात कळलं.

रविवारी सकाळी मी तबक आणि शाल बस्तीत नेऊन दिली. पंडितजींनी प्रायश्चित्त म्हणून जप आणि काही दिवस एकवेळ जेवण सांगितलं, ते मी केलं. तबक कुठे नोंदवायचं ते त्यांना कळेना. दिलेलं परत आल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं. शेवटी ते अभिषेकाच्या भांड्यांत ठेवलं. मिरवणुकीची डीव्हीडी घरात राहिली. मृगाने तिच्या सिनेमाची एक प्रत मला दिली, तीही त्याच कव्हरात ठेवली, वेगळं कव्हर नव्हतं म्हणून.

गल्लीत बायका बोलायच्या, पण बेताने. अक्का आठ दिवस आल्या नाहीत. रोज संध्याकाळी त्या आमच्याकडे यायच्या, बावीस वर्षांत खंड नव्हता. मी रोज त्यांचा पाट मांडायची आणि उचलायची.

नवव्या दिवशी पाचच्या पुढे आल्या. पदराखाली शेंगांची पिशवी होती. पाटावर बसल्या, परात मागितली आणि सोलायला लागल्या. मीही समोर बसून सोलायला लागले. मृगा पुण्याला गेली होती, हे दुकानात. बराच वेळ नुसत्या टरफलांचा आवाज. मला वाटलं, बोलायचं ते जुळवत असतील. मी ऐकून घ्यायच्या तयारीने बसले होते.

"मृगाचा तो कॅमेरा," त्या शेवटी म्हणाल्या.

"हं."

"तो फळीवर ठेवला तवापासूनचंच धरतोय, का त्याच्या आधीचंबी घरातलं त्यात येतं?"

"आधीचं कसं येईल, अक्का?"

"न्हाई, मला त्यातलं कळत न्हाई म्हणून विचारते." त्यांनी एक शेंग हातात धरली आणि फोडली नाही. "आदल्या वर्षीचं काय येत नसंल मग."

"नाही, अक्का," मी म्हटलं. "आदल्या वर्षीचं कुणाकडेच नाही."

त्यांनी मान हलवली. शेंग फोडली. दाणे परातीत पडले, दोन. मी खाली पाहत राहिले. त्यांनी डोळे पुसले तर ते मी पाहायला नको, असं मला वाटलं.

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "भाकरी टाक की. अजून वीस मिनिटं हाईत."

मी तवा ठेवला. एक भाकरी थापली, भाजली, दोन ताटल्यांत अर्धी-अर्धी वाढली. खुंटीवरचं फडकं काढून भांड्यावर धरलं, पाणी गाळलं. अक्कांनी फळीवरचा गुळाचा डबा स्वतःच खाली घेतला. एक खडा त्यांच्या ताटलीत ठेवला, एक माझ्या, आणि झाकण लावलं.

माझ्या नियमाची मुदत संपली होती, तरी माझा हात थांबलेला त्यांनी पाहिला.

"खा," त्या म्हणाल्या. "उजेड आहे अजून."